कामाचं ठिकाण आणि बाईचं मन

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कष्टकरी व नोकरदार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला विषय दिला आहे 'कामाच्या ठिकाणचे ताण आणि मानसिक आरोग्य'. असं नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, हे पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांचं दुखणं. पण आज या सतरंजीवर कोण कोण बसलंय ते पाहा. तासगावकडच्या बेदाणा निवडणाऱ्या बाया आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीवर काम करणाऱ्या आहेत. विट्याच्या यंत्रमागावरून आल्यात, कुपवाड आणि शिरवळच्या कारखान्यांतून आल्यात. आशाताई, अंगणवाडीताई, पतसंस्थेतल्या कारकून, शिक्षिका, परिचारिका आहेत. यातल्या निम्म्या जणींच्या कामाला 'ऑफिस' असा शब्दच लागू होत नाही. कुणाचं कामाचं ठिकाण म्हणजे द्राक्षबाग, कुणाचं पत्र्याची शेड, कुणाचं अख्खं गाव. तरीही गेली आठ-नऊ वर्षं या दोन जिल्ह्यांत समाजकार्य करताना मी जे ऐकत आले, ते सगळ्यांचं एकाच वळणावर येतं. बाई कामाला जाताना हातपाय बरोबर नेते आणि मनही बरोबर नेते. हातापायांचा पगार ठरतो. मनावर काय होतं त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो.

आधी आपल्या भाषेबद्दल बोलू. 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत माझ्याकडे आजवर फार थोड्या बाया आल्या. त्या म्हणतात, डोकं जड झालंय. छातीत धडधडतं. हातापायाला मुंग्या येतात. रात्री दोनला डोळा उघडतो तो उघडाच. अन्न गोड लागत नाही. कुणी काही बोललं की रडू येतं. अंगावरून पांढरं जातं, कंबर मोडते, ताकद राहिली नाही. मग गावातल्या डॉक्टरकडे जायचं, सलाईन लावायचं, ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं, चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या या अंगावरून जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि नैराश्याशी जास्त जवळचं आहे, असं त्यांना दिसलं. याचा अर्थ बाई खोटं सांगते असा मुळीच नाही. दुखणं खरंच असतं. पण ते सांगायला समाजाने तिला शरीराचीच भाषा दिली आहे. कंबर दुखते म्हटलं तर कुणी हसत नाही. मन दुखतं म्हटलं की 'हिला काय कमी आहे?' असा प्रश्न येतो.

डॉक्टरच्या आधी आपल्याकडे आणखी एक दार असतं. देवऋषी, अंगारा, उतारा, मांढरदेवची वारी. मी त्या बायांना नावं ठेवत नाही. अंगात आल्यावर का होईना, बाईला मोठ्यानं बोलायला, केस मोकळे सोडायला, सासरच्या माणसांना दटावायला मिळतं. पण त्या तासाभराने कामावरचा मुकादम बदलत नाही आणि आजारही बरा होत नाही. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने हे वर्षानुवर्षं सांगितलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. मनाच्या दुखण्यावर मारहाण, चटके, कोंडून ठेवणं असले उपाय करणारा माणूस आज गुन्हेगार ठरतो, हे आपल्या गटांतून सांगत राहायला हवं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. कामाच्या ठिकाणी मन आजारी पडतं ते कशाने?

पलूस तालुक्यात नदीकाठच्या एका गावातल्या आशाताई मला भेटल्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. त्यांच्या स्वतःच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आपलं घर धुवायच्या आधी त्या दुसऱ्यांच्या दारात क्लोरीनच्या गोळ्या घेऊन उभ्या होत्या. मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबात करोनाचे रुग्ण सापडले आणि जिल्हा हादरला. तेव्हा त्यांना गावोगावच्या आशांसारखंच घरोघर फिरावं लागलं. सप्टेंबर २०२०पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण. दार उघडणारा माणूस म्हणायचा, तूच रोग घेऊन येतेस. घरी सासू म्हणायची, बाहेरच आंघोळ कर, पोरांना शिवू नको. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पूर. त्याच आठवड्यात वर पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, आंबेघर आणि मिरगावात माणसं गाडली गेली. तिथंही पंचनाम्याआधी पोचणाऱ्यांत आशाताई होत्याच. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना सन्मान दिला. आमच्या या बाई म्हणाल्या, "सन्मान चांगलाय ताई, पण मला झोप कधी येईल?"

त्यांच्या मनाला नेमकं काय झालं होतं? मृत्यू पाहिले, ही एक गोष्ट. पण त्याहून जास्त कुरतडणारी गोष्ट वेगळी होती. काम सरकारचं, पण त्या सरकारी नोकर नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. पगार नाही, मोबदला आहे, आणि तोही कधी येईल ते सांगता येत नाही. जबाबदारी सगळी, अधिकार शून्य. रात्री फोन वाजला तर उचलायचाच. चूक झाली तर नाव त्यांचं, काम चांगलं झालं तर नाव केंद्राचं. अशा कामात दणकट बाईचीही झोप उडते. जून २०२१मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, २०२४च्या सुरुवातीला पुन्हा केला, आणि मोबदल्यात वाढ मिळवली. त्या संपाच्या दिवसांत या बाईंची झोप थोडी सुधारली होती. हे मी गमतीने सांगत नाही. आपण एकट्या नाही आणि आपल्याला काही करता येतं, या दोन गोष्टी मनाला औषधासारख्या लागू पडतात.

अंगणवाडीताईंचंही तेच. २०२१मध्ये त्यांनी बिघडलेले सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, तेव्हा काही लोक हसले. मोबाइलसाठी कसलं आंदोलन! पण माहिती भरली नाही तर मानधन अडतं, आणि यंत्र चालत नाही म्हणून ती भरता येत नाही, अशा कात्रीत वर्षभर अडकून पाहा. मग कळेल छाती का धडधडते ते.

जगभरच्या अभ्यासकांनी कामाच्या ठिकाणच्या ताणाची जी कारणं सांगितली आहेत, ती आपल्या बाया न शिकता सांगतात. कामाचा बोजा. कामावर आपला काही ताबा नसणं. उद्याचा भरवसा नसणं. अपमान. आणि छळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतारोग यांमुळे जगात दर वर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस बुडतात. त्या हिशोबात बाईचं घरातलं काम धरलेलं नाही. आपल्या बायकांचे कामाचे दिवस तर बुडतही नाहीत. त्या ताप अंगावर काढतात तसं नैराश्यही अंगावर काढतात, कारण रोज बुडाला तर चूल बुडते.

म्हणून 'खंबीर हो', 'सकारात्मक विचार कर', 'योगा कर' हे सल्ले मला अपुरे वाटतात. योगासनं जरूर करा. पण शेडमध्ये बाईसाठी संडास नसेल, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसेल, तर तिच्या डोकेदुखीवर प्राणायाम हा उपाय नाही. संडास हा उपाय आहे.

याची एक दुसरी बाजू आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. एका पतसंस्थेत वसुलीचं काम करणारी बाई. नाव, गाव सांगत नाही. साहेब सगळ्यांसमोर तिच्या कपड्यांवरून बोलायचा, संध्याकाळी सातनंतर थांबवून ठेवायचा. तिने तोंडी सांगून पाहिलं, मग लेखी तक्रार केली. कार्यालयाने काय केलं? तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. "वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना दाखवून आणा." म्हणजे तक्रार तिची आणि तपासणीही तिचीच. ती खरोखर रात्र रात्र जागत होती, हात कापत होते. पण तो त्या छळाचा परिणाम होता. त्यांनी त्या परिणामालाच पुरावा केलं आणि छळ बाजूला राहिला.

मैत्रिणींनो, 'मानसिक' हा शब्द असा दोन्हीकडून कापतो. गप्प राहिली तर 'खंबीर आहे', बोलली तर 'मानसिक आहे'. पूर्वीपासून नकोशा बायकोला वेडी ठरवून माहेरी पाठवायची रीत आपल्याकडे होतीच. सांगली जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात परित्यक्तांच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली, कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य घातलं, तेव्हा टाकलेल्या बायांच्या कहाण्यांत हा 'वेडी' शब्द वारंवार यायचा. आता तोच शब्द कार्यालयात येऊन बसला आहे.

यावर कायद्यात उत्तर आहे आणि ते पाठ करून ठेवण्यासारखं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा. तो मे २०१८पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की एखादी व्यक्ती समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामाविषयीच्या रूढ मूल्यांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. 'कामाविषयीच्या' हा शब्द लक्षात ठेवा. साहेबाशी पटत नाही हा आजार नाही. आणि आजार खरोखर असला तरी तेवढ्यावरून ती व्यक्ती वेडी ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे. याच कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला. तुमची फाईल साहेबाला दाखवायला डॉक्टर बांधील नाही. उलट न दाखवायला बांधील आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीवर प्रचंड ताण होता असंच धरून चालायचं, तिला शिक्षा करायची नाही, मदत करायची, हेही या कायद्याने सांगितलं. विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांनाही इतर आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असंही त्यात आहे.

दुसरा कायदा २०१३चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्याचा उगम विसरू नका. १९९२मध्ये राजस्थानातल्या भंवरीदेवी बालविवाह रोखण्याचं आपलं काम करत होत्या. त्या कामाचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या साथिन होत्या, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच गावपातळीवरच्या मानधनावरच्या कार्यकर्त्या. त्यांच्या लढ्यातून १९९७चा विशाखा निकाल आला आणि त्यातून पुढे हा कायदा. गावात राबणाऱ्या एका बाईने देशातल्या सगळ्या साहेबी कार्यालयांना नियम घालून दिला.

या कायद्यात मनाची दखल आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. लैंगिक छळाशी जोडून बाईच्या आरोग्यावर किंवा सुरक्षिततेवर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक दिली, तर तीही छळात मोडते. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, स्वतःची किंवा त्या माणसाची बदली मागता येते. नुकसानभरपाई ठरवताना तिला झालेला मानसिक आघात, यातना, आणि शारीरिक किंवा मानसोपचारांचा खर्च धरावा लागतो. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. द्राक्षबागेतली बाई, घरकामाची बाई, सगळ्यांसाठी ती आहे. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची, कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने वाढते. आपल्या तालुक्यातल्या किती बायांना ही समिती माहीत आहे? पुढच्या बैठकीच्या आत प्रत्येक गटाने चौकशी करावी की आपल्या जिल्ह्याची समिती कुठं बसते, अध्यक्ष कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? ऑक्टोबर २०२५मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. बीड जिल्ह्यातून शिकून आलेली मुलगी. तळहातावर तिने आरोप लिहून ठेवले होते. एका पोलीस अधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप होता. अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं. खरं-खोटं न्यायालय ठरवील, मी त्यात जात नाही. तिचं नावही मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. पण एक गोष्ट नंतर उजेडात आली, ती आपल्या विषयाची आहे. काही महिने आधी तिने आपल्यावर येणाऱ्या दबावाबद्दल वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती.

ती शिकलेली होती. डॉक्टर होती, मन म्हणजे काय आणि शरीर म्हणजे काय हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. ती गप्पही बसली नव्हती, तिने लिहून दिलं होतं. आपण शिबिरांत बायांना सांगतो, 'बोला, लिहून द्या.' तिने दोन्ही केलं. म्हणजे 'बोला' एवढं सांगून आपलं काम संपत नाही. बोलल्यावर कुणी ऐकतंय का, लिहिलेल्या कागदाचं पुढं काय होतं, आणि तो कागद फिरत असताना त्या बाईच्या सोबत कोण आहे, हे आपलं काम आहे. तिच्या मृत्यूनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, संघटनांनी निषेध केले. ते हवंच होतं. पण एवढी माणसं तक्रारीच्या दिवशी सोबत असतात का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

आता उपायांकडे. मोठ्या सुधारणा होतील तेव्हा होतील. आपल्या हातात आज काय आहे?

पहिलं, ताण आणि आजार यांतला फरक ओळखायला शिकूया. कामावर भांडण झालं, दोन दिवस मन खट्टू झालं, हा ताण. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस सतत उदास वाटतं, कशातच गोडी नाही, झोप-भूक उडाली, आपण कामाच्या नाही असं वाटतं, मरणाचे विचार येतात, तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. मेडिकल दुकानातून झोपेची गोळी आणून घेणं हा उपचार नव्हे, त्या गोळीची सवय लागते. नैराश्यावरची औषधं वेगळी असतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने एकदम बंद करायची नसतात.

दुसरं, मैत्रीण मरणाची भाषा बोलत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला हायसं वाटतं. तिला एकटी सोडू नका. आपल्या बागायती भागात घरोघर फवारणीची औषधं असतात, ती कुलुपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याच दिवशी दवाखाना गाठा. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. हा नंबर बचतगटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तिसरं, सरकारी दवाखान्यावर आपला हक्क सांगूया. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा आणि जिल्हा कार्यक्रम १९९६पासूनचा. तरी आपल्या मनात मानसोपचार म्हणजे अजून येरवडा किंवा रत्नागिरी. जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग असतो, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात १९९१पासून 'परिवर्तन'चं व्यसनमुक्ती केंद्र आहे, कारण कितीतरी बायांच्या मनाच्या दुखण्याचं मूळ नवऱ्याच्या बाटलीत असतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय पाहणी केली. दर शंभर प्रौढांत दहापेक्षा जास्त जणांना कुठला ना कुठला मनाचा आजार आहे आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली मोजदादही आपल्यालाच मागावी लागणार आहे.

चौथं, ऐकणाऱ्या बाया तयार करूया. हे काम फक्त पदवीवाल्यांचं आहे असं समजू नका. गोव्यात साध्या, प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन दिलं, आणि सरकारी दवाखान्यांतल्या रुग्णांना त्याचा चांगला गुण आला, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाच्या उपक्रमात गावातल्याच माणसांना ऐकायला आणि योग्य जागी पोचवायला शिकवलं गेलं. आपल्या बचतगटाच्या बैठकीत हप्ते झाल्यावर वीस मिनिटं मनासाठी ठेवा. नियम तीनच. मध्ये तोडायचं नाही. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आणि इथलं बोलणं चुलीपर्यंत न्यायचं नाही.

पाचवं, तक्रारदार बाईला जोडीदारीण द्या. तक्रार एकटीने द्यायला जायचं नाही. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं, ही टिपणं रोजच्या रोज एका वहीत ठेवायची. अर्जाची पोच घ्यायची. पोच घेतल्यापासून पंधराव्या दिवशी जोडीदारणीने जाऊन विचारायचं, काय केलंत? पुन्हा पंधराव्या दिवशी. उत्तर नसेल तर गटाने जायचं. आणि या काळात ती जेवते का, झोपते का, हे विचारायचं काम त्याच जोडीदारणीचं. अर्ज आणि झोप या दोन्हींची काळजी एकाच माणसाने घेतली पाहिजे, कारण त्या बाईच्या आयुष्यात ती दोन्ही एकच असतात.

असं जमतं का? जमतं. एका कारखान्यातली मुलगी नैराश्यावरची गोळी घ्यायची. पाकीट डब्याच्या पिशवीत तळाशी लपवायची. रात्रपाळीला मशिनवर झापड यायची, बोट जायची भीती. तिच्याबरोबरच्या दोघींनी ओळखलं. त्या तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आणि रात्रपाळी नको असं प्रमाणपत्र दिलं. त्यात आजाराचं नाव नव्हतं, ते लिहिण्याची गरजही नव्हती. सुपरवायझर कुरकुरला, पण तिघी मिळून गेल्या होत्या. सहा महिने दिवसपाळी मिळाली. आज ती बरी आहे आणि नवीन मुलींना काम शिकवते. सरकारी नोकरीत असणाऱ्यांसाठी तर अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६चाच आधार आहे. मनाच्या गंभीर, दीर्घ आजाराचा त्यात समावेश आहे, आणि नोकरीत असताना असं अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही की पायरी खाली आणता येत नाही.

शेवटचं, हीच फूटपट्टी आपल्या संघटनांनाही लावूया. आपली कार्यालयंसुद्धा कामाची ठिकाणं आहेत. रात्री अकराला पीडित बाईचा फोन घेणारी कार्यकर्ती दिवसभर मोर्चात असते, महिन्याला तुटपुंजं मानधन घेते, आणि 'चळवळ आहे, नोकरी नव्हे' म्हणून रजा मागायला लाजते. दुसऱ्यांच्या वेदना ऐकणाऱ्या बाईला स्वतःचं ऐकणारी बाई हवी. आठवड्याची एक हक्काची सुट्टी, अवघड केस एकटीवर न टाकणं आणि महिन्यातून एकदा एकत्र बसणं, एवढं तरी आपण नियमात घालू शकतो.

सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. शाळेत शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल यायचा. आपण त्यांचं धैर्य आठवतो आणि ते योग्यच आहे. पण त्या वाटेवर त्यांच्यासोबत फातिमा शेख होत्या, हेही आठवू. धैर्याला सोबत लागते. एकटीच्या धैर्याची आपण किती किंमत मोजायला लावतो, ते फलटणने आपल्याला दाखवलं.

तेव्हा आज जाताना तीन कामं घेऊन जाऊ. १४४१६ हा नंबर गटाच्या वहीत. जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता गटाच्या भिंतीवर. आणि आपल्या ओळखीच्या ज्या बाईने कुठंतरी अर्ज दिला आहे, तिच्याकडे या आठवड्यात एक चक्कर. अर्जाचं काय झालं ते विचारायला, आणि तिचं कसं चाललंय तेही विचारायला.